घरातले कुणीतरी भरून देईलच!

आरोग्यसेवेचे एखादे ॲप सगळ्यांना वापरता येत नाही अशी तक्रार केली, की ठरलेले उत्तर मिळते: ‘घरातले कुणीतरी भरून देईलच की!’ तक्रार करणारा अंध असो, मोतीबिंदू झालेल्या आजी असोत किंवा अक्षरओळख नसलेली शेतमजूर बाई असो, उत्तर बदलत नाही. वरवर ते मायेचे वाटते. प्रत्यक्षात ज्याने ॲप बनवले त्याची जबाबदारी त्यात अलगद पुतण्याच्या, सुनेच्या, शेजाऱ्याच्या गळ्यात घातलेली असते.

या उत्तराची परीक्षा देशाने एकदा घेतली आहे. 28 एप्रिल 2021 रोजी 18 ते 44 वयोगटासाठी कोविन या सरकारी संकेतस्थळावर कोविडच्या लसीची नोंदणी सुरू झाली आणि या वयोगटाला सुरुवातीला दुसरा मार्गच ठेवला नव्हता. थेट केंद्रावर जाऊन नाव घालण्याची सोय नाही, आणि संकेतस्थळ इंग्रजीत. स्लॉट खुले होताच काही क्षणांत संपत. ज्यांना प्रोग्रामिंग येत होते त्यांनी स्लॉटची वर्दी देणारे टेलिग्राम बॉट तयार केले. बाकीचे पडद्याकडे बघत बसले. ज्यांना पडदाच दिसत नव्हता, त्यांची गोष्ट आणखी वेगळी.

सर्वोच्च न्यायालयाने 31 मे 2021 च्या आदेशात या संकेतस्थळातल्या उणिवा एकेक करून नोंदवल्या आहेत. कॅप्चाला ध्वनीचा पर्याय नव्हता, म्हणजे चित्रातली वेडीवाकडी अक्षरे अंध माणसाने ओळखून दाखवायची! वयोगट, लसीचे नाव, मोफत की विकत हे निवडण्याची बटणे स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, पकडता येतील अशी नव्हती. किती स्लॉट आहेत तो आकडा ऐकू येई, पण तो कशाचा हे कळत नसे. माऊसशिवाय नुसत्या कीबोर्डवर संकेतस्थळ चालत नव्हते. आणि सावकाश काम करणाऱ्याला ते मध्येच बाहेर काढत होते. यातले काहीही दुरुस्त करणे रॉकेट उडवण्याइतके अवघड नव्हते.

‘तातडीच्या वेळी इतके बघायला सवड कुठे होती?’ असा बचाव केला जातो. पण ओरड वाढल्यावर काय झाले ते पाहावे. 24 मे रोजी सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीला परवानगी मिळाली. जूनच्या सुरुवातीला संकेतस्थळ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आले. काही आठवड्यांत जे जमले, ते आधी जमत नव्हते असे म्हणण्यात अर्थ नाही. कुणी विचारले नव्हते, एवढेच.

कोविनचे समर्थक कोट्यवधी लशींचा हिशेब पुढे करतात. तो हिशेबही तपासण्याजोगा आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून 2021 मध्ये सांगितले, की 13 जूनपर्यंत नोंदल्या गेलेल्या 24.84 कोटी मात्रांपैकी 19.84 कोटी, म्हणजे जवळपास 80 टक्के, थेट केंद्रावर आलेल्यांना दिल्या गेल्या. ‘डिजिटल दरी’च्या टीकेला उत्तर म्हणून हा आकडा दिला गेला होता. खरे तर तो टीकाकारांचीच बाजू मांडतो. जिथे दार उघडे होते तिथे लोक रांगेत उभे राहिले, आशाताईंनी त्यांना आणले, केंद्रावरच्या डेटा ऑपरेटरने नावे घातली. यंत्रणेचे यश माणसांच्या खांद्यावर उभे होते. जिथे ते दार बंद ठेवले, तिथेच लोक अडले.

आता मूळ उत्तराकडे. घरातले कुणीतरी भरून देईल, मान्य. पण आरोग्याची माहिती म्हणजे विजेचे बिल नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) देशात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया 54 टक्के होत्या, आणि कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या फक्त 33.3 टक्के (पुरुष 57.1 टक्के). म्हणजे अनेक घरांत बाईचा ओटीपी नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या फोनवर येणार. गर्भपाताचा सल्ला, एचआयव्हीची तपासणी, मानसोपचाराची वेळ, सगळ्याला आधी त्या फोनधन्याची संमती! डॉक्टरांनी पाळायची गुप्तता ओटीपीने परस्पर मोडून टाकली.

अंध रुग्णाचेही तेच. प्रयोगशाळा अहवाल पाठवते तो पीडीएफ. पुष्कळदा तो कागदाचा नुसता फोटो असतो. फोनमधला टॉकबॅक हा स्क्रीन रीडर त्यावर गप्प बसतो किंवा ‘चित्र’ एवढे सांगून मोकळा होतो. मराठी सूचनापत्रक जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर त्याहून मौज: पडद्यावर नीट मराठी दिसते आणि यंत्र मात्र इंग्रजी अक्षरांचा चिवडा वाचून दाखवते. मग स्वतःची साखर, स्वतःचा कर्करोग दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा. हा मदतीचा नव्हे, लाचारीचा बंदोबस्त आहे.

खर्चाचा मुद्दाही असाच पोकळ. संकेतस्थळ सुगम कसे करावे याचे जागतिक निकष 1999 पासून उपलब्ध आहेत. भारतीय मानक ब्युरोचे आयएस 17802 हे मानकही आहे. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. बटणाला नाव देणे, अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत पुरेसा फरक ठेवणे, ही कामे सुरुवातीला केली तर पैशांत मोजण्याइतकीही नसतात. ती मागाहून करायला गेले की सगळी वीण उसवावी लागते, आणि मग ‘खर्च फार’ म्हणून हात वर! शिवाय ठळक अक्षराचा फायदा फक्त दृष्टिदोष असणाऱ्यांना होत नाही. भर उन्हात बांधावर फोन बघणाऱ्यालाही होतो.

कायद्याची बाजू तर केव्हाच ठरली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 46 नुसार सरकारी असो वा खासगी, सेवा देणाऱ्याने नियम आल्यापासून दोन वर्षांत ती सुगम करायची होती. नियम जून 2017 मध्ये आले. मुदत कधीच उलटली. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. त्या खटल्यातल्या याचिकाकर्त्यांत ॲसिडहल्ल्याला बळी पडलेल्या स्त्रिया होत्या. ओळख पटवताना ‘डोळे मिचकावा’ असे यंत्र सांगायचे आणि त्यांना ते करता येत नसे. डोळे मिचकावले तरच माणूस जिवंत, ही कल्पना ज्याला सुचली त्याने अशा चेहऱ्याचा विचारच केलेला नव्हता.

दुसऱ्या टोकाला ‘डिजिटल नकोच, आपली खिडकीच बरी’ म्हणणारे आहेत. त्यांचेही पटत नाही. ज्या दवाखान्याला चार पायऱ्या आहेत आणि उतार नाही, तिथे व्हीलचेअरवरच्या माणसासाठी फोन हाच रस्ता असतो. ई-संजीवनी ही सरकारी दूरसल्ला सेवा दोन्ही वाटा ठेवते: घरून थेट डॉक्टर, किंवा गावच्या उपकेंद्रात बसून समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या मदतीने लांबच्या डॉक्टरांचा सल्ला. ही दुसरी वाट मागासांसाठीची तडजोड म्हणून बघू नये. तिथला मदत करणारा माणूस प्रशिक्षित आहे, पगारी आहे, त्याला जाब विचारता येतो. पुतण्याला येत नाही.

तेव्हा करायचे ते निविदेच्या कागदावरच करावे. आरोग्याचे ॲप विकत घेताना आयएस 17802 ची अट घालावी. सुरू करण्याआधी अंध, कर्णबधिर, वृद्ध आणि कमी शिकलेल्या माणसांकडून ते वापरून घ्यावे, त्या कामाचे त्यांना पैसे द्यावेत. ओटीपीखेरीज ओळखीचा दुसरा मार्ग ठेवावा आणि प्रत्येक सेवेला माणूस बसलेली एक खिडकी असावी. अशा माणसांकडून करून घेतलेल्या चाचणीचा अहवाल जोडलेला नसेल, तर कंत्राटदाराचे बिल लेखा विभागाने परत पाठवावे.