शहराचे थान उलगडणार कोण?

आम्ही कापडाचे व्यापारी. थान उलगडून दाखवल्याखेरीज गिऱ्हाईक भाव विचारत नाही, हे गल्ल्यावर बसल्या दिवसापासून आम्हाला ठाऊक आहे. आपल्या रत्नागिरीचे थान मात्र आम्ही घडी घालूनच ठेवले आहे.

अमिताभ कांत यांचे नाव वाचकांनी ऐकले असेल. १९८० च्या तुकडीचे, केरळ केडरचे सनदी अधिकारी. ‘गॉड्स ओन कंट्री’ म्हणून केरळचे नाव जगात गाजवण्यात आणि २००२ च्या ‘इन्क्रेडिबल इंडिया’ मोहिमेत त्यांचा मोठा वाटा. लोक एवढेच सांगतात. आम्हाला त्याआधीची वर्षे जास्त मोलाची वाटतात. ‘मत्स्यफेड’ या मच्छीमारांच्या सहकारी महासंघात असताना त्यांनी किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव सुरू केला, फायबरच्या होड्या आणि मोटरी आणल्या. पुढे कालिकतचे जिल्हाधिकारी झाल्यावर तेथील विमानतळ वाढवला, तो प्रवाशांकडून शुल्क घेऊन. आखातात राबणाऱ्या मलबारी माणसाच्या खिशातूनच तो पैसा आला. आधी माल नीट केला, जाहिरात नंतर.

आपल्याकडे माल कमी आहे काय? मिरकरवाड्याचे बंदर, रत्नदुर्ग, हापूस. १८८५ मध्ये ब्रह्मदेशातून हद्दपार झालेला थिबा राजा १९१६ मध्ये येथेच वारला. त्याचा राजवाडा आजही उभा आहे. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण सुरू आहे. तरी पाहुणा स्टेशनवर उतरतो आणि गाडी करून सरळ गणपतीपुळे गाठतो. शहरात मुक्काम नाही, म्हणून बाजारात खरेदी नाही. राज्याचे पर्यटन महामंडळ १९७५ पासून आहे, पण त्याला सारा महाराष्ट्र विकायचा आहे. एकट्या रत्नागिरीसाठी राबणारा माणूस वेगळाच हवा.

आमची मुले उर्दू, मराठी, हिंदी सहज बोलतात, इंग्रजीही शिकली आहेत. पदवी हाती पडली की पासपोर्ट काढतात. शहर विकणे हाही एक हुनर आहे, त्यात नोकरी आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही. (आम्हीही घरच्या मुलांना सांगितले नाही, हे कबूल.)

व्यापाऱ्यांच्या एका बैठकीत आम्ही हा विषय काढला. पहिला सवाल आला, पगार कोण देणार? आम्ही म्हटले, दुकानामागे महिन्याला एका शर्टपीसची किंमत काढा. तेवढ्यात चहा आला आणि विषय राहून गेला. पुढच्या बैठकीत तो पुन्हा काढणार आहोत. कोणी सोबत असेल तर त्याने आधी दुकानी येऊन जावे.