अंदाजाची हवा

(द्वितीय वर्ष, कला)

'हवा' हा शब्द आपल्या भाषेत मोठा बहुरूपी आहे. निवडणुकीत एखाद्याची हवा असते, चार पैसे हाती आले की कुणाच्या डोक्यात हवा जाते आणि बेत फसला की सारी हवा निघून जाते. या हवा मोजण्याचे यंत्र अजून निघालेले नाही. परंतु गाडीच्या टायरमधली हवा अगदी सहज मोजता येते, आणि नवलाची गोष्ट अशी की नेमकी तीच आपण मोजत नाही. कुणी अंगठ्याने टायर दाबून पाहतो, कुणी बुटाची ठोकर मारतो, तर कुणी गाडीवरून न उतरताच "मार रे, बघून मार!" असे सांगून मोकळा होतो.

माझ्या वडिलांचे गावाबाहेरच्या रस्त्यावर पंक्चरचे दुकान आहे. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. दुकानाच्या बाकावर बसून मी अभ्यासाची पुस्तके वाचली आणि मधून मधून उठून हवाही मारली. तरीही "कलाशाखेच्या विद्यार्थ्याने टायरवर काय लिहायचे?" असा प्रश्न कुणी विचारीलच. त्याला एवढेच सांगावेसे वाटते की, १८८८ साली बेलफास्टमध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर करून तो जगभर रूढ करणारा जॉन बॉइड डनलॉप इंजिनिअर नव्हता, तो जनावरांचा डॉक्टर होता. ज्याला धक्के बसतात त्याला विचार करण्याचा अधिकार असतो!

योग्य हवा म्हणजे किती? याचे उत्तर अंदाजात नाही. ते गाडीवरच लिहिलेले असते. मोटारीच्या चालकाकडील दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत, आणि दुचाकीच्या चेनकव्हरजवळ ते बहुधा सापडते. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत तर असतेच. पुष्कळ लहान मोटारींना ३० ते ३३ पी.एस.आय. लागते. मागे माणूस बसला किंवा सामान लादले की मागच्या चाकाचा आकडा वाढतो. टायरच्या अंगावर छापलेला मोठा आकडा मात्र त्या टायरची कमाल मर्यादा असते. ती भरायची हवा नव्हे. पुष्कळ जण नेमके इथेच चुकतात.

हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त चेपतो आणि पुन्हा सुटतो. कणीक मळावी तसा तो आतून मळला जातो, तापतो, आणि वेग व ओझे वाढले की त्याच्या थरांची पकड सुटते. हवा जास्त झाली तर टायर मधोमध फुगतो, रस्त्यावर कमी टेकतो आणि ब्रेक लावताना घसरण्याचा संभव वाढतो. "टायर बोलत नाही, पण झिजून सांगतो," असे आमचे अण्णा म्हणतात. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी होती, मध्य झिजला तर जास्त होती. हे निदान त्यांनी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही.

आपल्याकडे एक समज फार पक्का आहे. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी, असे अनुभवी चालकही सांगतात. वस्तुतः प्रकार उलटा आहे. तापमान पाच-सहा अंशांनी चढले की दाब सुमारे १ पी.एस.आय.ने वाढतो, हे खरे. पण ही वाढ गृहीत धरूनच थंड टायरचा आकडा ठरविलेला असतो. भर दुपारी धावून आलेल्या टायरची हवा सोडून काटा खाली आणला, तर तो टायर थंड झाल्यावर उपाशी राहतो आणि दुसऱ्या दिवशी आणखीच तापतो. म्हणून हवा मोजावी ती सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, किंवा गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सारा रस्ता पूर्ण झाला. या मार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. गावच्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात खपून जाणारा अंदाज तिथे खपत नाही. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून २५ प्रवासी दगावले. टायर फुटला, असे चालकाने सांगितले. परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. 'टायर फुटला' हे शब्द आपण 'नशीब फुटले' याच अर्थाने वापरू लागलो आहोत, असे मला वाटते. टायर खरोखर फुटतो तेव्हाही त्यामागे पुष्कळदा कित्येक आठवड्यांची दुर्लक्षित हवा असते. नशिबाला काटा लावता येत नाही. टायरला लावता येतो.

आता तर हे काम फारच सोपे झाले आहे. दोन-तीन हजार रुपयांत हातात मावेल असा कॉम्प्रेसर मिळतो. तो गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर किंवा स्वतःच्या बॅटरीवर चालतो. हवा आकडा लावून भरायची. आकडा गाठला की यंत्र आपोआप थांबते. थोडी कमी पडलेली हवा दोन-चार मिनिटांत भरून निघते. मात्र हे यंत्र लहान आहे. ते लवकर तापते, त्याला विश्रांती द्यावी लागते आणि शंभराच्या वर दाब मागणाऱ्या ट्रकच्या टायरपुढे त्याचे चालत नाही. त्याचा आकडाही एक-दोनने इकडेतिकडे असू शकतो. म्हणून चांगल्या काट्याशी तो अधूनमधून ताडून पाहावा.

"मग तुझ्या वडिलांच्या धंद्याचे काय?" असे मला एका वर्गमित्राने विचारले. प्रश्न रास्त आहे. गिऱ्हाईक कमी झाले आहे, हे मी रोज पाहतो. तरीही या यंत्राला विरोध करावा, असे मला वाटत नाही. कुणाच्या अज्ञानावर आमची चूल पेटावी, हे अण्णांनाही मान्य नाही. यंत्र हवा भरते, पण रुतलेला खिळा शोधत नाही आणि टायरच्या कुशीतली चीर ओळखत नाही. त्यासाठी सरावलेला हात लागतो. त्या हाताला "ए हवावाल्या" म्हणून हाक मारणाऱ्या सुशिक्षितांनी मात्र थोडा विचार करावा.

आणि आता कलाशाखेच्या कामाचे. मी पाहिलेल्या बहुतेक गाड्यांवरची हवेची पट्टी इंग्रजीत होती. पोर्टेबल कॉम्प्रेसरची बटणेही इंग्रजीतच. आमच्या भागातला टेम्पो चालविणारा माणूस उत्तम चालक असतो, पण ती पट्टी त्याच्यापुरती कोरीच राहते. जे ज्ञान जीव वाचवते ते ज्याचा जीव आहे त्याच्या भाषेत नसावे, ही गोष्ट मराठी शिकणाऱ्यांना खटकू नये काय? मराठीच्या अभिमानावर आपण दरवर्षी वक्तृत्व स्पर्धा घेतो. तो अभिमान एकदा टायरपर्यंत खाली उतरू द्यावा.

म्हणून माझी सूचना अशी आहे. आपल्या महाविद्यालयाच्या वाहनतळावर एक पोर्टेबल कॉम्प्रेसर ठेवावा आणि शेजारी नेहमीच्या गाड्यांच्या हवेचा तक्ता ठळक मराठीत लावावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी तोच तक्ता पंचक्रोशीतल्या पंक्चरच्या दुकानांत नेऊन द्यावा आणि तिथल्या मिस्त्रींकडून टायरची झीज वाचायला शिकून यावे. पेट्रोलपंपावर हवा मोफत मिळणे हा आपला हक्क आहे, हेही लोकांना सांगावे. खर्च थोडा आहे, श्रमही थोडेच आहेत.

पदवी घेऊन बाहेर पडताना आपल्याला किती मोठे शब्द येतात, यापेक्षा आपण किती अंदाज सोडून दिले, हे पाहिले जावे. सुरुवात टायरपासून करायला काहीच हरकत नाही.