औषधदान करताय, पण रोग ओळखलात का?



चातुर्मास लागला की आपल्या बायकांच्या ग्रुपवर दोन तऱ्हेचे निरोप वाढतात. एक चौक्याचे, म्हणजे आज पडगाहन कुणाकडे, उद्याची पाळी कुणाची. दुसरे खाजेचे. कुणीतरी दबकत विचारते, "कमरेला गोल चट्टा आलाय, खूप खाजतंय, काय लावू?" पाच मिनिटांत दहा उत्तरं येतात. कडुलिंबाचा पाला वाटून लाव, टाकळ्याचं बी आंबट ताकात उगाळून लाव, करंजेल लाव, कोरफडीचा गर लाव. एक बाई तर दरवर्षी लसूण घासायला सांगतात. आपल्या घरात लसूण येत नाही, तर शेजारणीकडून दोन पाकळ्या मागून आण म्हणे!

सांगणाऱ्यांचं मन चांगलं असतं, त्याबद्दल वाद नाही. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दानं आपल्याला लहानपणापासून शिकवलेली आहेत. दुखणाईत माणसाला चार पानं वाटून दिली तर औषधदान झालं असं वाटणं साहजिक आहे. पण माझं म्हणणं असं की रोग न ओळखता दिलेलं औषध दानात धरू नये. आहारदानात आपण किती शोधतो! गहू निवडतो, पाणी गाळतो, पिठाची मर्यादा मोजतो. मग औषधाच्या वेळी तेवढाच विवेक का नको?

झाडपाल्याला मी नावं ठेवत नाही. टाकळ्याला संस्कृतात चक्रमर्द म्हणतात, दद्रुघ्नही म्हणतात. गोल चट्टा मोडणारा, दाद घालवणारा. हे नाव उगाच पडलेलं नाही. त्याच कुळातली पिवळ्या तुऱ्यांची दादमारी फिलिपीन्सच्या आरोग्य खात्याने मान्य केलेल्या दहा औषधी वनस्पतींत आहे, तीही अशाच त्वचारोगांसाठी. कडुलिंब आणि हळदीचा लेप खरजेवर तमिळनाडूत 814 जणांना लावून पाहिला होता. 1992 साली ते छापून आलं, आणि 97 टक्के लोक 3 ते 15 दिवसांत बरे झाले अशी त्यात नोंद आहे. फक्त लेप न लावलेला किंवा दुसरं औषध दिलेला गट शेजारी नव्हता, त्यामुळे त्यावरून फार मोठं बोलू नये. पण आपल्या आज्या अगदीच अंधारात चाचपडत नव्हत्या, एवढं नक्की.

आणि झाडाचं म्हणजे निर्धोक, हेही खरं नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गजकर्णावर 'गोवा पावडर' विकली जायची. ती गोव्याची नव्हतीच. ब्राझीलमधल्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातली ती पिवळी पूड, पोर्तुगीजांच्या व्यापारातून गोव्यात आणि तिथून मुंबईत यायची. तिने गुण यायचा, पण कपड्यांना न निघणारे डाग पडायचे, कातडी लाल होऊन सोलायची, आणि तोच हात डोळ्याला लागला तर डोळा सुजायचा. आपल्याकडचा बिब्बा घ्या, रुईचा चीक घ्या. दोन्ही झाडाचेच, आणि दोन्हींनी भाजतं. लसणानेही कातडीला फोड येतात, तेव्हा शेजारणीला त्रास देऊ नका.

"झाडाचं म्हणजे अहिंसक" या वाक्यावरही थोडं थांबायला हवं. कोरफड आणि ओली हळद आपण अनंतकाय मानतो. मध तर वर्ज्यच, तरी लेपात मध मिसळायला सांगणारे निरोप आपल्याच ग्रुपवर फिरतात. दुकानातली मलमंही तपासून घ्यावी लागतात, काहींत मेंढीच्या लोकरीतली चरबी असते, काहींत मधमाशीचं मेण. तेव्हा पाला की ट्यूब, एवढ्यावरून हिंसा-अहिंसा ठरत नाही. बुरशी मारणं ही हिंसा नाही का, असं एका मुलीने मला विचारलं होतं. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. आजाऱ्याला बरं करताना जे घडतं ते त्यात मोडत नाही. उलट एकीचा चट्टा अंगावर ठेवून घरातल्या पाचजणांना तो लागू देणं, हे मला जास्त खटकतं.

आता खरी गोष्ट. ही खाज बायका दाखवत का नाहीत? एक तर ती जागा. कमरेला, जांघेत, छातीखाली. दुसरं कारण आपल्या समाजातलं आहे आणि ते आपण बोलत नाही. त्वचारोग असलेल्या बाईने आहार द्यायचा नाही, असा चौक्याचा नियम. नियम योग्यच आहे. पण त्यामुळे वर्षभर वाट पाहिलेला चातुर्मास हातचा जाईल या भीतीने बाई चट्टा झाकते, आणि पदराआड पाला बांधून चौक्यात उभी राहते. सासूला सांगत नाही, जावेला सांगत नाही.

त्यात आपले सोवळ्याचे कपडे. आषाढ-श्रावणात ते वाळत नाहीत. कुणाचा हात लागायला नको म्हणून माजघरात दोरीवर टाकायचे आणि पहाटे ओलसरच नेसायचे. वर परकराची नाडी आवळून बांधलेली, चुलीपुढे घाम. बुरशीला याहून बरी जागा कुठली? पाला कितीही लावा, त्यावर ओलं कापड बसणार असेल तर चट्टा जाणार नाही.

पूर्वीचं गजकर्ण आणि आत्ताचं यातही फरक पडला आहे. आपल्या भागात अलीकडे जी बुरशी पसरली आहे तिला 2020 साली वेगळं नाव मिळालं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नेहमीच्या टर्बिनाफिनच्या गोळीलाही ती कित्येकदा दाद देत नाही. हे इतकं फोफावण्याला दुकानातून आपल्या मनाने आणलेली मलमं बरीच कारणीभूत आहेत. त्यांत स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आणि खाली बुरशी पसरत राहते. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून 2018 साली सरकारने नियम कडक केले, तरी "अर्धी ट्यूब उरलीये, घेऊन जा" हे आपल्याकडे चालूच आहे. पाल्यापेक्षा या अर्ध्या ट्यूबचा मला जास्त राग येतो.

घामोळं, डासाची गांधी, साधी खाज याला कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ करा, काही बिघडत नाही. पण कडेने उठलेला आणि मधून निवळत चाललेला गोल चट्टा असेल, रात्री घरातल्या दोघा-तिघांना बोटांच्या बेचक्यांत खाज सुटत असेल, मुलाच्या नाकातोंडाशी मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या असतील, तर तिथे लेप नको. पहिलं बुरशीचं, दुसरी खरूज, तिसरा जिवाणूंचा संसर्ग. तिन्हींचं औषध वेगळं. मधुमेह असलेल्या बाईने तर पायावरची साधी जखमही पाल्याखाली झाकू नये. आणि डॉक्टरकडे जाताना चट्ट्यावर लेप लावून जाऊ नका. कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची असते, वर हळद असेल तर त्यांना काय दिसणार?

औषध सुरू झालं की चट्टा दिसेनासा झाला म्हणून थांबवू नका, सांगितलेले आठवडे पुरे करा. टॉवेल वेगळा ठेवा, नाडी सैल बांधा. तेवढे दिवस चौक्यात उभं राहता येणार नाही, पण धान्य निवडण्यापासून सगळी तयारी राहतेच, की तीही दुसऱ्या कुणी करायची? नाही, तेही हात लावणं नको वाटत असेल तर अनुमोदना आहे. ज्या घरात सून असं सांगायला धजते, तिथल्या सासूबाईंनी "मग यंदा आहार नाही का तुझा?" असं चारचौघींत विचारू नये, एवढी माझी विनंती.

सोवळ्याचे कपडे उन्हात वाळत नसतील तर नेसण्याआधी कडक इस्त्री फिरवा. इस्त्री सोवळ्यात चालते का, असं विचारणाऱ्या दोघी-तिघी निघतीलच. आपल्याकडे आलेल्या माताजींना विचारून घ्या.