सरावाकडे पाहणारा रसिक

भाताची कापणी उरकून खळी रिकामी झाली, की पेण आणि रोहा तालुक्यांतील गावोगावच्या मैदानांवर कबड्डीच्या रेषा आखल्या जातात आणि उन्हाळा संपेपर्यंत सामने रंगतात. ज्येष्ठ-आषाढात मैदानांचा चिखल होतो, सामने थांबतात, पुष्कळसे खेळाडू लावणीच्या कामाला जुंपले जातात. चर्चा मात्र थांबत नाही. यू मुम्बा आणि पुणेरी पलटण या व्यावसायिक संघांची तयारी कशी चालली आहे, नवा चढाईपटू कोणत्या पायाने निदान रेषा ओलांडतो, डावा कोपरा कोणाकडे सोपवला आहे, यावर एस.टी. स्थानकात आणि चहाच्या दुकानांत तावातावाने मते मांडली जातात. या चर्चेला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून हिणवणे सोपे आहे; परंतु ते न्याय्य नाही.

सामन्यात रसिकाला निकाल दिसतो, सरावात त्यामागची कारणे दिसतात. चढाईसाठी मिळणाऱ्या तीस सेकंदांत दम कोठे तुटतो, चवडा पकडताना बचावपटूचा तोल पुढे जातो की मागे, कोपरारक्षकाने झेप घेताच शेजारच्या मध्यरक्षकाची साखळी वेळेवर आवळली जाते की नाही, हे गुणफलकावर उमटत नाही. गावच्या मैदानाच्या कडेला बसून वर्षानुवर्षे सराव पाहणाऱ्या वृद्धांना ते अचूक कळते. कोकणातील कबड्डीला असा डोळस प्रेक्षक लाभला, हे तिचे मोठेच भाग्य होय.

तथापि सरावावरून काढलेल्या निष्कर्षांना मर्यादा असतात. आपल्याच सहकाऱ्यांविरुद्ध चढाई करणाऱ्याच्या लकबी समोरच्यांना पाठ असतात. त्यामुळे तो पकडला गेला म्हणून निकामी ठरत नाही, वा निसटला म्हणून अजिंक्यही ठरत नाही. त्यातच व्यावसायिक संघांचा सराव बंद दाराआड, मॅटवर चालतो. त्यातील जेवढे दाखवणे सोयीचे तेवढेच काही क्षणांचे चित्रीकरण संघ प्रसृत करतात, आणि रोह्याचा विद्यार्थी ते भ्रमणध्वनीवर पाहून मत बनवतो. पूर्वीचा रसिक स्वतः निरीक्षण करीत होता. आजच्या रसिकाला निवडक निरीक्षण पुरवले जाते. हा फरक किरकोळ नव्हे.

तयारीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत भारताने मोजलेली आहे. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाल्यापासून पुरुषांचे सुवर्णपदक भारताकडेच राहिले होते. २०१८ साली जकार्ता येथे इराणने उपान्त्य फेरीत भारताला हरवले. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणच विजयी झाला, आणि त्या इराणी महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. महाराष्ट्रातील ज्ञान परक्या मैदानावर शिस्तबद्ध सरावात उतरले आणि त्याने भारतालाच नमवले. पुढच्या, २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या स्पर्धेत भारताने दोन्ही सुवर्णपदके परत मिळवली. परंतु पूर्वपुण्याईवर सामने जिंकता येत नाहीत, हा जकार्ताचा धडा त्याने पुसला जात नाही.

हा धडा पेण-रोह्यातील मुलांना अधिक लागू पडतो. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा लिलावातील सर्वोच्च बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०२३ साली ती २ कोटी ६० लाखांच्या घरात गेली. एकेकाळी बँक, रेल्वे वा विमान कंपनीच्या संघातील नोकरी हे कबड्डीपटूचे सर्वोच्च स्वप्न असे. आता स्वप्न विस्तारले आहे. सरावाची साधने मात्र त्या प्रमाणात विस्तारलेली नाहीत. स्पर्धा मॅटवर होतात आणि गावातील मुलगा मातीवर घडतो. मातीवर पाय रोवण्याची सवय झालेल्याला मॅटवर पावले नव्याने शिकावी लागतात. शिवाय लीगचे वेळापत्रकही स्थिर नाही. २०२३ चा मोसम डिसेंबरात सुरू झाला, २०२४ चा ऑक्टोबरात, तर २०२५ चा २९ ऑगस्टला. म्हणजे गेल्या वेळी तयारीचे महिने नेमके भर पावसाचे होते. ज्या गावात मैदानावर छप्पर नाही तेथील खेळाडूने त्या दिवसांत करावे तरी काय?

१५ जुलै हा शंकरराव तथा बुवा साळवी यांचा जन्मदिन महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. तो ऐन पावसाळ्यात येतो, हे सूचक आहे. त्या दिवशी हारतुरे आणि भाषणे होतात; त्याऐवजी प्रत्येक तालुक्यात एक छपराखालचे मॅटचे क्रीडांगण बारमाही खुले राहील, एवढी व्यवस्था जिल्ह्याच्या क्रीडायंत्रणेने केली तर ते बुवांचे खरे स्मरण ठरेल. व्यावसायिक संघांनीही मोसमापूर्वी एखादा दिवस पेण वा रोह्यात खुला सराव करावा. ज्या प्रेक्षकांच्या जिवावर हा व्यवसाय उभा आहे, त्यांचे एवढे ऋण संघांवर निश्चितच आहे.

अशा मागण्या रेटण्याचे सामर्थ्य रसिकांत आहे. भाद्रपदातील मूर्तीसाठी कारखान्यांत कित्येक महिने आधीपासून हात राबतात, हे पेणकरांना कोणी शिकवावे लागत नाही. यू मुम्बाच्या डाव्या कोपऱ्याची चिकित्सा त्यांनी अवश्य करावी; तीच चिकित्सक दृष्टी गावातील पोरे पावसाळ्यात कोठे सराव करतात याकडेही वळवावी. ती वळली, तर चहाच्या दुकानातील चर्चेचे चीज होईल.