दंडाच्या पावतीनंतर

दिवाळीच्या सुमारास परभणी जिल्ह्यातील मानवतच्या बाजार समितीत कापसाची आवक वाढू लागते आणि वेचणीपासून जिनिंगपर्यंत हाताला काम मिळते. तथापि पोलीस ठाण्यात कधीकाळी नाव नोंदले गेलेल्या तरुणीला हंगामी मजुरीपलीकडची नोकरी हवी असेल, तर तिची वाट चारित्र्य पडताळणीपाशी, म्हणजे उमेदवारावर गुन्हा दाखल आहे काय याविषयीच्या पोलीस अहवालापाशी, अडते. १९७२ ते १९७४ मधील हत्याकांडामुळे ज्या गावाचे नाव आजही घेतले जाते, त्याला जुन्या नोंदीचे ओझे वेगळे सांगावे लागू नये. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द होऊनही ज्यांच्यावरचा संशय सरलेला नाही, त्या पारधी समाजातील मुलींना तर नाहीच नाही.

खरे नुकसान मात्र अर्जाच्या कितीतरी आधी, न्यायालयातच होते. भांडण किंवा किरकोळ चोरीच्या प्रकरणात ‘कबूल कर, दंड भर आणि मोकळी हो’ असा सल्ला मिळतो. मुलगी दंड भरून त्याच दिवशी घरी परतते, परंतु त्या पावतीबरोबर दोषसिद्धी, म्हणजे गुन्हा शाबीत झाल्याची नोंद, तिच्या नावावर चढते. त्याच वेळी वकिलाने १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचा लाभ मागितला असता, तर समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर तिची सुटका होऊ शकली असती, आणि कलम १२ अन्वये, दोषसिद्धी पुसली जात नसली तरी, तिच्यामुळे कायद्याने येणारी अपात्रता टळली असती. ही मागणी न करणे म्हणजे त्या मुलीवर केलेला अन्यायच होय.

पुढे साक्षांकन नमुना, म्हणजे नेमणुकीपूर्वी स्वतःविषयी भरून द्यावयाचा तक्ता, समोर येतो आणि भीतीपोटी ‘गुन्हा नाही’ असे लिहिले जाते. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये खरी माहिती देणे बंधनकारक मानले. मात्र तरुण वयातील क्षुल्लक प्रकरण लपवले गेले असल्यास त्याकडे दुर्लक्ष करण्याची मुभाही नियोक्त्याला दिली. ही मुभा मागावी लागते, आणि ती कशी मागावी हे सांगणारे कोणी त्या मुलीजवळ नसते.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने हे साहाय्य खटल्यापुरते न ठेवता भरतीच्या दिवसांत मानवतपर्यंत आणावे: निर्दोष सुटलेल्या मुलीला निकालाची प्रमाणित नक्कल काढून द्यावी, ती पोलीस ठाण्यात देऊन नोंद दुरुस्त करून घ्यावी, आणि साक्षांकन नमुन्यातील गुन्ह्याविषयीचा तो एक रकाना भरताना तिच्या शेजारी वकील बसवावा.