काट्यावर न दिसणारे

खानदेशात बायकांच्या बैठकीत आजवर बोलले गेले ते दारूबद्दल, मारहाणीबद्दल, हुंड्याबद्दल, पाण्याच्या हंड्याबद्दल. अलीकडे आमच्या समुपदेशनाच्या टेबलावर एक वेगळाच विषय येऊ लागला आहे. 'ताई, वजनाचं ऑपरेशन करून घ्यावं म्हणतात घरचे. करू का?' विचारणारी कधी तिशीतली शिक्षिका असते, कधी लग्न ठरत नाही म्हणून कोमेजलेली मुलगी, कधी मधुमेहाने त्रासलेली चाळिशीतली बाई. जळगावहून मुंबईला रेल्वे जाते, धुळ्याहून सुरत आणि इंदूरचे रस्ते फुटतात. ऑपरेशन तिकडे होते आणि बाई चार-सहा दिवसांत घरी परतते. पुढचे सारे आयुष्य मात्र इथे, आपल्या गावात, आपल्या स्वयंपाकघरात आणि आपल्या दवाखान्यात काढायचे असते. प्रश्न तिथे सुरू होतो.

या शस्त्रक्रियेने बाईच्या मेंदूवर, तिच्या विचारशक्तीवर आणि स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो, याबद्दल फारसे बोलले जात नाही. जाहिरातीत 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो असतात. डोक्याच्या आतला फोटो कोणी लावत नाही. म्हणून या अंकाची सुरुवात याच विषयाने करीत आहोत.

चांगली बाजू आधी सांगायला हवी, कारण ती खरी आहे. अतिस्थूलतेबरोबर मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे हे आजार येतात, आणि ते सगळे मेंदूलाही शिणवतात. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर १२ आठवड्यांतच रुग्णांची स्मरणशक्ती सुधारल्याचे दिसले. नेदरलँड्समधील 'बॅरिको' हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शंभराहून थोडे अधिक रुग्ण होते, बहुसंख्य स्त्रिया. दोन वर्षांनंतर त्यांच्यातल्या सुमारे ४३ टक्के जणांची विचारशक्तीच्या चाचण्यांतली कामगिरी २० टक्के किंवा त्याहून अधिक सुधारली होती. तेव्हा 'ऑपरेशन म्हणजे डोके बिघडणार' असे म्हणणे चुकीचे ठरेल. ज्या बाईला डॉक्टरांनी नीट तपासून या शस्त्रक्रियेची गरज सांगितली आहे, तिला आपण घाबरवून मागे खेचू नये.

पण अशा अभ्यासातल्या रुग्णांना ठरल्या वेळी बोलावले जाते, त्यांचे रक्त तपासले जाते, त्यांना प्रश्न विचारले जातात. आपल्याकडची बाई परत बोलावलेल्या तारखेला जाते का? भाडे कोण देणार, मुलांना कोण पाहणार, कापूस वेचणीच्या दिवसांत सुट्टी कशी मिळणार? 'आता वजन उतरलं ना, मग कशाला पुन्हा खर्च?' हे वाक्य आम्ही किती घरांत ऐकले!

शरीरात काय बदलते ते समजून घेऊ या. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा बराच मोठा भाग कापून काढून टाकतात. 'बायपास' प्रकारात जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्हींत खाणे कमी होते, आणि बायपासमध्ये अन्नातले सत्त्व शोषून घेण्याची जागाही घटते. मेंदूच्या दृष्टीने त्यातली दोन जीवनसत्त्वे महत्त्वाची आहेत, बी-१ आणि बी-१२.

बी-१ म्हणजे थायमिन. त्याचा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. ऑपरेशननंतर पहिल्या काही महिन्यांत सारख्या उलट्या होऊ लागल्या, की तो संपतो. मग बाई गोंधळल्यासारखी वागते, चालताना तिचा तोल जातो, तिला एकाच्या दोन वस्तू दिसतात. ही तिन्ही लक्षणे एकदम दिसतीलच असे नाही, बहुतेकदा दिसत नाहीत. वेर्निके या डॉक्टरने १८८१ मध्ये या आजाराचे वर्णन केले. तेव्हापासून दारूड्यांचा आजार अशीच त्याची ओळख झाली, म्हणून दारूला कधी हातही न लावलेल्या बाईत तो कोणाला सुचत नाही. वेळेवर शिरेतून थायमिन दिले तर बाई सावरते, आणि हे औषध महागही नाही. वेळ गेली तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. सकाळी काय जेवलो हे तिला आठवत नाही, आणि त्या रिकाम्या जागी मन स्वतःच काहीतरी रचून सांगते. घरचे म्हणतात, खोटे बोलते.

आता आपल्या गावचे चित्र पाहा. उलट्या होतात म्हणून बाईला जवळच्या दवाखान्यात नेतात, अशक्तपणा म्हणून साखरेची सलाईन लावतात. 'सलाईन लावली' म्हणजे इलाज झाला, ही आपली समजूत जुनीच आहे. पण साखर वापरताना शरीराला थायमिन लागते. उरलेसुरले थायमिन त्या साखरेत खर्च होते, आणि जी बाई चालत आली ती त्या बाटलीनंतर अधिक बिघडू शकते. आधी थायमिन, मग साखर, हा क्रम पाळायला हवा. डॉक्टर तो पाळतील, पण बाईचे ऑपरेशन झाले आहे हे त्यांना कोणी सांगितले तर!

आणि न सांगण्यामागेच खरे दुखणे आहे. मुलीचे लग्न जमावे म्हणून आई-बाप कर्ज काढून ऑपरेशन करतात आणि सासरी ते लपवतात. मग ती रोजच्या गोळ्या कोणासमोर घेणार? वजन उतरल्यावर दिवस जाणे अनेकींना सोपे होते, म्हणूनच पहिले वर्ष-दीड वर्ष गर्भ टाळावा असे डॉक्टर सांगतात. पण नव्या सुनेला 'थांबा' म्हणण्याचा अधिकार कुठे असतो? दिवस गेले, उलट्या सुरू झाल्या. घरात सगळे खूश, 'अशा दिवसांत होतंच असं' म्हणून कोणी पाहत नाही. माहेरने दडवलेल्या एका गोष्टीपायी त्या मुलीचा मेंदू पणाला लागतो.

बी-१२चे उलट आहे. त्याचा साठा यकृतात काही वर्षे टिकतो, म्हणून त्याची उणीव दोन-तीन वर्षांनी, तपासण्या बंद पडल्यावर गाठते. विसरभोळेपणा, चिडचिड, उदासी, हातापायांना मुंग्या. आपल्याकडे माळकरी आणि जैन घरांत मांसाहार नाही, आणि दूध आले तरी बाईच्या वाट्याला चहापुरतेच. म्हणजे साठा मुळातच तोकडा. मधुमेहावरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षे घेतली तर तोही बी-१२ कमी करते. लोहाचे काय सांगावे? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. जाड दिसणारी बाई खाऊन-पिऊन सुखी असते, हा आपला गैरसमज आहे. ती स्थूल असूनही कुपोषित असू शकते. त्यात चतुर्थी, एकादशी, नवरात्र यांचे उपवास आले. ऑपरेशन झालेल्या बाईने साबुदाण्यावर दिवस काढणे म्हणजे उणिवेत भर घालणे.

ही लक्षणे बाईत दिसली की त्यांना आपल्या समाजात तीन नावे मिळतात. ढोंग, बाहेरची बाधा, नाहीतर वेड. पहिल्यासाठी मार, दुसऱ्यासाठी भगत, तिसऱ्यासाठी कोर्ट. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. तिथे कायद्याने गंभीर आणि टिकणाऱ्या आजाराची अट घातली आहे. पण 'हिचं डोकं ठिकाणावर नाही' हे माहेरी पाठवण्यापुरते पुरेसे ठरते. इंजेक्शनांनी बरी होणारी बाई टाकलेली बाई होऊन बसते. म्हणून ऑपरेशनचे कागद, रक्ताचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या बाईच्या स्वतःच्या ताब्यात असाव्यात, असा आमचा आग्रह आहे.

२०१७ साली इजिप्तची इमान अहमद मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली, तेव्हा देशभर तिच्या वजनाचे आकडे छापले जात होते. आज इतके किलो उतरले, उद्या तितके. तिच्या बहिणीचा प्रश्न वेगळा होता: ती बोलत का नाही, हालत का नाही? रुग्णालयाने उपचार योग्यच झाल्याचे सांगितले. इमानला मे महिन्यात अबुधाबीला हलवले गेले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी ती वारली. तिला आधीच अनेक गंभीर आजार होते, तेव्हा दोषाचा निवाडा आपण करू नये. पण आकडे मोजणारे आणि माणूस शोधणारे यांच्यातले ते अंतर आपण विसरू नये.

मार्च २०२५ पासून वजन उतरवणारे 'मौंजारो' हे इंजेक्शनही भारतात मिळते आहे. तिथेही उलट्या आणि उपासमार लांबली तर थायमिनचा धोका तोच.

आमच्या मागण्या साध्या आहेत. ऑपरेशनपूर्वी बाईशी एकटीशी, तिच्या भाषेत, मग ती अहिराणी का असेना, बोलले जावे. निर्णय तिचा असावा आणि तो आजारासाठी असावा, स्थळासाठी नव्हे. ऑपरेशन करणाऱ्याने स्थानिक डॉक्टरांच्या नावे मराठीत चिठ्ठी द्यावी. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अशा स्त्रियांची नियमित तपासणी व्हावी, आणि ग्रामीण रुग्णालयांत थायमिनची इंजेक्शने कायम असावीत.

आणि मैत्रिणींनो, तुम्ही स्वतः एवढे करा. ऑपरेशन झाले असेल तर गोळ्या जन्मभराच्या आहेत हे धरून चाला. उलट्या थांबत नसतील तर एक दिवसही वाट पाहू नका, आणि कोणत्याही दवाखान्यात पहिले वाक्य हेच बोला: 'माझं वजनाचं ऑपरेशन झालं आहे.' लाजू नका. शेजारची बाई अचानक गोष्टी विसरू लागली, भेलकांडू लागली, तर तिला नावे ठेवण्याआधी तिच्याबरोबर डॉक्टरकडे जा. बाईचे वजन किती असावे यावर बोलणारे गावभर आहेत. तिची आठवण, तिची समज, तिचे शहाणपण शाबूत राहावे, हे पाहणारे आपल्यालाच व्हावे लागेल.

— संपादक मंडळाच्या वतीने