पियानो तुमचा, केबल तुमची, मग भाडं कसलं?

डिजिटल पियानो घरी आला की दोन प्रकारचे लोक सल्ला द्यायला येतात. पहिला म्हणतो, "लिनक्स? त्यावर संगीत-बिंगीत होत नाही रे. टॅबलेट घे, ॲपची वर्गणी भर, शिकायला लाग." दुसरा लिनक्सवालाच असतो, आणि तो जास्त धोकादायक. तो म्हणतो, "आधी रिअलटाइम कर्नल टाक, मग जॅक सेट कर, मग बफर कमी कर." सहा महिन्यांनी याचा बफर झकास असतो, डावा हात मात्र सी मेजरच्या स्केलमध्येच अडखळत असतो. पहिला साधी गोष्ट विकत घ्यायला लावतो, दुसरा तीच अवघड करून ठेवतो. किंमत मोजतो तो शिकणारा.

आधी वस्तुस्थिती बघू. बहुतेक डिजिटल पियानोंच्या मागे प्रिंटरला असतो तसा चौकोनी यूएसबी पोर्ट असतो. तिथून मिडी नावाच्या भाषेत निरोप जातात. निरोप म्हणजे आवाज नव्हे. निरोप एवढाच: कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली. एक निरोप तीन बाइटचा. 'पांढरी एक', 'काळी दोन' असं म्हणायची आपल्याला पेटीमुळे सवय आहेच. मिडीनं त्याच पट्ट्यांना नंबर दिले. मधली पांढरी एक म्हणजे ६०, तिच्या शेजारची काळी एक ६१. पियानोच्या ८८ पट्ट्या २१ पासून १०८ पर्यंत. जोर ० ते १२७ मध्ये मोजायचा. संपलं.

ही भाषा कुणा एका कंपनीची नाही. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर, प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६, केबलनं जोडले गेले आणि एक वाजवला की दुसरा वाजू लागला. त्यामागचे डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांनी ही भाषा सगळ्यांना फुकट वापरू दिली. १९९९ मध्ये यूएसबीवरून मिडी कसं पाठवायचं, याचंही मानक ठरलं. ते पाळणारा पियानो जोडला की लिनक्स कर्नल त्याला आपोआप ओळखतो. ड्रायव्हर शोधायचा नाही, सीडी नाही, नोंदणी नाही. काही मॉडेलांमध्ये यूएसबीच्या सेटिंगमध्ये 'जेनेरिक' निवडावं लागतं, एवढंच.

खात्री करायची असेल तर आल्सा-युटिल्स या पॅकेजमधला 'ए-कनेक्ट' चालवा. यादीत पियानोचं नाव दिसेल. मग 'ए-सीक-डम्प' चालवून एक पट्टी दाबा. स्क्रीनवर ओळ उमटते: नोट ६०, जोर ७२. हलकेच दाबा, जोर ३० येईल. "टर्मिनल कुणाला जमतं?" असं विचाराल, तर ज्याला यूपीआयचा पिन बदलता येतो त्याला हेही जमतं. आणि टर्मिनल नकोच असेल, तर पियानोबूस्टर उघडा आणि सेटिंगमध्ये आपला पियानो निवडा. तुम्ही दिलेल्या मिडी फाइलमधला पुढचा सूर बरोबर वाजेपर्यंत तो थांबून राहतो. तोही फुकट.

आता वर्गणीवाल्या ॲपकडे बघा. त्यातला हिरवा-लाल खेळ काय असतो? पियानोकडून ६० आला, हवा होता ६०: हिरवा. आला ६१: लाल. दोन आकड्यांची तुलना. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला सी शिकलेला पोरगा हे लिहील. ॲपमधल्या धड्यांवर, व्हिडिओंवर, गाण्यांच्या हक्कांवर खर्च होतो, हे मान्य. ते आवडत असतील तर जरूर पैसे द्या. पण "ॲपशिवाय तुमचा पियानो कॉम्प्युटरशी बोलणार नाही" हा जो समज पसरलाय, त्याचे पैसे देऊ नका. तो १९८३ पासून बोलतोय.

लिनक्सवाल्या मित्रालाही एक सांगायचंय. शिकताना आवाज पियानो स्वतःच काढतो, कॉम्प्युटर फक्त ऐकतो. मग त्या आवाजाला उशीर होण्याचा प्रश्न येतो कुठून? फ्लुइडसिंथसारख्या प्रोग्रॅममधून आवाज काढायचा असेल तेव्हा बफरचा विचार करा. आणि तेव्हाही ४८,००० हर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद. तेवढ्यात आवाज हवेतून मीटरभरसुद्धा जात नाही. नवख्या माणसाला रिअलटाइम कर्नलची भीती घालून आपण त्याला परत वर्गणीच्या दारात सोडतो.

माझ्या दृष्टीनं खरा मुद्दा रियाजाच्या नोंदीचा आहे. तुम्ही वर्षभर रोज काय वाजवलं, कुठं अडलात, कुठं लय पळाली, हे सगळं ॲपच्या सर्व्हरवर साठतं. वर्गणी थांबली की ते तुमच्या हातात राहीलच असं नाही. तेच 'ए-रेकॉर्ड-मिडी'नं टिपलं तर रोजची एक फाइल होते, मोबाइलच्या एका फोटोपेक्षाही कितीतरी लहान. ती म्यूझस्कोरमध्ये उघडा. उलट पियानोलाच परत पाठवा, तो तुमचं वाजवणं तुम्हालाच ऐकवेल. आपली घाई तेव्हा जितकी ऐकू येते तितकी हिरव्या टिकल्यांतून कधीच दिसत नाही.

पण फुकटचं सॉफ्टवेअरही गुरू नव्हे. ६० ही पट्टी तुम्ही अंगठ्यानं दाबली की करंगळीनं, हे मिडीला कळत नाही. मनगट आखडलंय का, खांदे वर आलेत का, तेही नाही. सगळं हिरवं असताना हात बिघडू शकतो. ते बघायला समोर माणूसच लागतो, आणि त्या माणसाला पैसे लागतात. म्हणून केबलचं भाडं वाचवा आणि महिन्यातून दोनदा का होईना, पियानो शिकवणाऱ्या माणसासमोर बसा. जाताना पेन ड्राइव्हमध्ये महिन्याच्या फाइली न्या.